फेब्रुवारीतले चार दिवस, ठाण्याची खाडी आणि भरतीचे गणित

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात गुरुवार ते रविवार सांगलीहून सहा माणसे ठाण्यात येणार आहेत, मुक्काम कासारवडवलीला मेहुण्यांकडे आहे, सोबत सत्तरी ओलांडलेले आई-वडील आहेत व आईंचे गुडघे दुखरे आहेत, मुले आठ आणि बारा वर्षांची आहेत. मॉल नकोत, उघड्यावरचे काही पाहायचे आहे, आणि मुलांनी मोबाइलवर पाहिलेला खारघरचा पांडवकडा धबधबा यादीत सर्वांत वर आहे.

पांडवकड्याचे आधी सांगून टाकतो, म्हणजे मुलांची समजूत काढायला आपल्याला वेळ मिळेल. तो शंभर मीटरहून उंच कडा पावसाळ्यात पाहण्यासारखा असतो हे खरे, पण फेब्रुवारीत तेथे काळा कातळ आणि वाळलेले गवत याखेरीज काही नसते. ज्या दिवसांत तो वाहतो, त्या दिवसांत दुर्घटनांमुळे तेथे जाण्यास बंदी घातली जाते. मोबाइलवर फिरणारी बहुतेक दृश्ये ही बंदी मोडून काढलेली असतात. ठाण्यालगतच्या येऊरच्या डोंगरातील ओढ्यांचीही पावसाळ्यात हीच कथा आहे. तेव्हा धबधबा यादीतून काढावा आणि त्याच्या जागी खाडी लिहावी.

मी गेली २२ वर्षे ठाणे आणि नवी मुंबईत निसर्गफेऱ्या व वारसाफेऱ्या काढतो. बाहेरगावच्या पाहुण्यांचा बहुधा एकच प्रश्न असतो, ‘काय काय पाहावे?’ माझा अनुभव असा की या दोन शहरांत ‘केव्हा पाहावे?’ हा प्रश्न आधी सोडवावा लागतो. तीच खाडी सकाळी आठ वाजता गुलाबी पक्ष्यांनी भरलेली दिसते आणि दुपारी नुसते गढूळ पाणी दिसते. घोडबंदर रस्त्यावर सकाळी सात वाजता जे अंतर वीस मिनिटांत कापले जाते, त्याला साडेनऊ वाजता तास लागतो. आपला मुक्काम नेमका त्याच रस्त्यावर असल्याने हे दुसरे वाक्य पाठच करून ठेवावे.

खाडीपासूनच सुरुवात करतो, कारण चार दिवसांतला सर्वांत मोलाचा वेळ तिलाच द्यावा असे माझे मत आहे. ठाण्याच्या खाडीत १९९० च्या दशकाच्या मध्यापासून रोहित पक्षी, ज्यांना अग्निपंख किंवा सरसकट फ्लेमिंगो म्हटले जाते, मोठ्या संख्येने येऊ लागले. साधारण नोव्हेंबरपासून ते दिसू लागतात आणि मेअखेरपर्यंत राहतात, म्हणजे आपला फेब्रुवारी अगदी योग्य आहे. २०१५ मध्ये खाडीचा सुमारे १७ चौरस किलोमीटरचा पट्टा फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून घोषित झाला आणि २०२२ मध्ये या पाणथळीचा समावेश आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादीत झाला. ऐरोली येथे वनविभागाचे किनारी व सागरी जैवविविधता केंद्र आहे. तेथून नावेने खाडीत नेतात.

या नावेची वेळ दररोज बदलते. केंद्राकडून कळवलेली वेळ पाहून लोक गोंधळतात, ‘काल सातला होती, आज पावणेआठला कशी?’ असे विचारतात. कारण साधे आहे. भरती रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. नाव निघायला धक्क्यापाशी पुरेसे पाणी लागते, आणि पक्षी दिसायला चिखल थोडा तरी उघडा असावा लागतो, कारण ते चिखलातच चरतात. पूर्ण भरतीला चिखल पाण्याखाली जातो आणि पक्षी उडून दुसरीकडे विसावतात. पूर्ण ओहोटीला पक्षी भरपूर असतात, पण नाव गाळात रुतते. या दोन टोकांच्या मधले दीड-दोन तास हीच पाहण्याची वेळ.

किनाऱ्यावरच्या लोकांकडे यासाठी एक हिशेब आहे आणि तो मुलांना शिकवून ठेवावा, प्रवासात करमणूक होईल. त्या दिवशीची तिथी घ्यावी आणि तिची पाऊणपट करावी. जो आकडा येतो तितक्या वाजण्याच्या सुमारास पूर्ण भरती असते, आणि त्यानंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी सहाला आणि पुन्हा संध्याकाळी सहाच्या पुढेमागे भरती. त्या दिवशी आठ-नऊ वाजता पाणी उतरत असते आणि चिखलाच्या कडा उघड्या पडू लागतात. चतुर्थी असेल तर दुपारी तीनला भरती, म्हणजे सकाळी नऊला पाणी तळाशी असते. पौर्णिमेला सव्वाअकराच्या सुमारास पाणी चढते, शिवाय उधाणाचे दिवस असल्याने ते जास्त वर येते. हा हिशेब ढोबळ आहे, त्यात अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. त्यामुळे आरक्षण केंद्राने दिलेल्या वेळेनुसारच करावे. पण आपल्या चार दिवसांपैकी कोणता दिवस खाडीला द्यावा, हे पंचांग उघडून घरबसल्या ठरवता येते. सोमवार सोडून आपण येता हेही बरे आहे, कारण त्या दिवशी अशी बहुतेक ठिकाणे बंद असतात. शनिवार-रविवारची आसने लवकर भरतात, म्हणून गुरुवार किंवा शुक्रवार पाहावा.

हा हिशेब मी शिकलो तो फजितीतून. सुरुवातीच्या वर्षांत अठरा जणांचा गट घेऊन एका लहान धक्क्यावर गेलो होतो. भरतीची वेळ वहीत लिहून ठेवली होती, पण ती त्या दिवशीची नव्हती. आम्ही पोहोचलो तेव्हा नाव चिखलावर तिरकी होऊन बसली होती आणि नावाडी तिच्या सावलीत जाळे शिवत होता. ‘पाणी यायला अजून लई टाइम हाय,’ एवढेच बोलून त्याने मान खाली घातली. दोन तास आम्ही बांधावर उन्हात बसलो. त्या दोन तासांत चिखल मात्र नीट पाहिला. निवटे, म्हणजे चिखलात राहणारे छोटे मासे, आपल्या पुढच्या पंखांवर रेलून सरपटत होते, दोन नर एकमेकांसमोर पाठीवरचा पंख उभारून उड्या मारत होते, आणि खारफुटीतल्या तिवराच्या झाडांभोवती पेन्सिलीसारखी हजारो मुळे चिखलातून वर आलेली होती. त्या चिखलात हवा नसते, म्हणून तिवर मुळे वर काढून श्वास घेतो. मुलांना हे दाखवायला नावेचीही गरज नाही, ऐरोलीच्या केंद्रात तिवरांच्या मधून जाणारी फळ्यांची वाट आहे आणि त्यावरून आईंनाही सावकाश चालता येईल.

पक्षी दिसले की दोन गोष्टी पाहायला सांगाव्यात. एक म्हणजे चोच: लहान रोहिताची चोच जवळजवळ पूर्ण गडद असते, मोठ्या रोहिताची गुलाबी असून टोकाला काळी असते. खाडीत संख्या लहान रोहितांची अधिक आहे. दुसरी म्हणजे खाण्याची पद्धत. हा पक्षी डोके उलटे करून चोच पाण्यात घालतो, जिभेने पाणी आतबाहेर करतो आणि चोचीच्या कडेच्या बारीक दातऱ्यांत शेवाळ गाळून घेतो. त्या शेवाळातल्या रंगद्रव्यामुळेच तो गुलाबी होतो. सांडपाण्याने या खाडीत शेवाळ वाढते आणि त्यावर हे पक्षी पोसले जातात, ही गोष्ट मोठ्या माणसांना थोडी अस्वस्थ करणारी आहे. मुले मात्र ‘म्हणजे घाण खाऊन गुलाबी झाले?’ असे विचारून मोकळी होतात.

भरतीला पक्षी कोठे जातात, याचे उत्तर नवी मुंबईत मिळते. नेरुळ-सीवूड्स भागात शाळेमागे डीपीएस तलाव नावाने ओळखली जाणारी पाणथळ आहे. खाडीतला चिखल बुडाला की पक्षी तेथे येऊन एका पायावर उभे राहतात. अलीकडच्या वर्षांत तेथे पाणी येण्याच्या वाटा अडल्याने पक्ष्यांची ये-जा बेभरवशाची झाली आहे, तरी भरतीच्या वेळेला तेथे डोकावून पाहावे. रस्त्यावरूनच दिसते, चालावे लागत नाही. जवळच पामबीच मार्गालगत ‘ज्वेल ऑफ नवी मुंबई’ हा फिरण्याचा परिसर आहे. तेथला जलाशय पाहुण्यांना नुसता शोभेचा वाटतो, पण तो शहराच्या सांडव्याचा भाग आहे. सिडको या सरकारी नियोजन संस्थेची स्थापना १९७० ची. तिने शहर वसवले त्यातली बरीच जमीन खाडीच्या भरतीपातळीहून खाली होती, तेव्हा डच पद्धतीने असे धारण तलाव बांधले गेले. भरतीला खाडीकडची झडप बंद होते आणि शहराचे पावसाचे पाणी तलावात साठते, ओहोटीला झडप उघडून ते खाडीत जाते. म्हणजे त्या तलावाकाठी संध्याकाळी चालणाऱ्यांचे वेळापत्रक वेगळे आणि तलावाचे वेगळे, आणि तलावाचे वेळापत्रक पुन्हा तिथीवरच चालते.

नवी मुंबईसाठी घोडबंदर रस्त्यावरून गाडी काढू नये. ठाणे स्थानकात सकाळी लवकर पोहोचावे आणि पूर्वेकडील फलाटांवरून सुटणारी ट्रान्स-हार्बर लोकल धरावी. ऐरोली दोन-तीन स्थानकांवर आहे, पुढे तीच पनवेल गाडी नेरुळ, सीवूड्स, बेलापूर, खारघर असे करत जाते. सकाळी खाडी झाली की बेलापूरला उतरून मेट्रो घ्यावी. नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झालेली बेलापूर-पेंधर ही अकरा किलोमीटरची मार्गिका उंचावरून जाते, डावीउजवीकडे खारघरचे डोंगर दिसतात आणि सेंट्रल पार्क नावाचे स्थानक उद्यानाजवळच आहे. हे उद्यान विस्तीर्ण आहे, त्यामुळे दुपारी बारा ते चार या वेळेत तेथे जाणे म्हणजे आईंना शिक्षा. साडेचारनंतर जावे. मुलांना खेळणी हवी असतील तर नेरुळचे वंडर्स पार्क अधिक सोयीचे आहे. तेथे जगातील सात आश्चर्यांच्या प्रतिकृती आणि छोटी आगगाडी आहे. मला स्वतःला त्या प्रतिकृतींचे फारसे कौतुक नाही, पण आठ वर्षांच्या मुलाला माझ्या मताशी काही देणेघेणे नसते. दोन्ही उद्याने एकाच दिवशी करू नयेत.

आता ठाणे. येथे पायी फिरायला सर्वांत चांगला भाग मासुंदा तलावाभोवतीचा, ज्याला ठाणेकर तलावपाळी म्हणतात. सकाळी सात वाजता तेथे पोहोचावे. तलावाजवळ कोपिनेश्वराचे मंदिर आहे. जुने देवस्थान, पण आजची वास्तू मराठेशाहीतली, १७६० च्या सुमारास सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकर यांनी बांधलेली. गाभाऱ्यातील शिवलिंग आकाराने इतके मोठे आहे की प्रथम पाहणारा क्षणभर थबकतो. मंदिरातून बाहेर पडले की जांभळी नाक्याचा बाजार लागतो, फुलांचे ढीग, पाल्याच्या जुड्या आणि हातगाड्यांमधून वाट काढत जावे लागते. आई-वडिलांना येथे अर्धा तास सहज जातो. तलावाच्या दुसऱ्या अंगाला पोर्तुगीज काळापासूनचे सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्च आहे, आणि थोडे पुढे टेंभी नाक्याच्या बाजूला १८७९ मध्ये बांधलेले बेने इस्रायली या ज्यू समाजाचे प्रार्थनास्थळ. मंदिर, चर्च आणि हे सिनेगॉग चालत पंधरा-वीस मिनिटांच्या टापूत आहेत. काठावरचे राम गणेश गडकरी रंगायतन ठाण्याच्या नाट्यवेड्यांचे घरच आहे. संध्याकाळी एखादा प्रयोग असेल तर तिकीट आधी काढून ठेवावे.

तलावाजवळच कारागृह आहे आणि बाहेरून त्याची दगडी तटबंदी पाहता येते. मूळ किल्ला पोर्तुगीजांनी बांधायला घेतला, १७३७ मध्ये तो मराठ्यांनी जिंकला, नंतर इंग्रजांनी त्याचे कारागृह केले. इंग्रजांविरुद्ध बंड करणारे राघोजी भांगरे यांना १८४८ मध्ये येथे फाशी देण्यात आली, आणि नाशिकच्या कलेक्टर जॅक्सनच्या वधाबद्दल अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे व विनायक देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० रोजी. आत प्रवेश नाही, छायाचित्रे काढू नयेत. बारा वर्षांच्या मुलाला रस्त्यावर उभे राहून एवढी हकीकत सांगितली तरी पुरते. त्याच मुलाला परतताना स्थानकात सांगावे की १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली चौदा डब्यांची पहिली प्रवासी गाडी ३४ किलोमीटर धावून याच ठाण्याला आली होती आणि तिला ओढणाऱ्या तीन इंजिनांची नावे साहिब, सिंध आणि सुलतान अशी होती. ही नावे मुले विसरत नाहीत.

न्याहारीसाठी मामलेदार मिसळ. स्थानकाजवळच्या तहसील कचेरीवरून, म्हणजे मामलेदाराच्या कचेरीवरून हे नाव पडले. आपण सांगलीकर आहात, त्यामुळे ‘आमच्याकडची जास्त झणझणीत’ हे वाक्य येणार, हे मी गृहीत धरून आहे. तरीही पहिल्या वेळी तिखट मागू नये, मध्यम घ्यावी. येथला तिखटपणा उशिरा चढतो.

येऊर आपल्या मुक्कामापासून फार लांब नाही. ते संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे ठाण्याच्या बाजूचे अंग आहे. पायथ्याशी उपवन तलाव, वर चढत जाणारा वळणांचा रस्ता, आणि वर आदिवासी पाडे. शुक्रवारी पहाटे निघावे आणि नऊपर्यंत परतावे. फेब्रुवारीत काटेसावर आणि पांगारा पानांविना फुललेले असतात, पळसही पेटू लागलेला असतो. फुलांवर मैना, बुलबुल, कोतवाल यांची इतकी गर्दी असते की दुर्बिणीशिवायही काम भागते. झाडाखाली स्वस्थ बसले तर राखी धनेशाची जोडी दिसण्याची शक्यता बरीच असते. मोठा आवाज, संगीत आणि खाऊची पाकिटे घरी ठेवावीत. बिबट्याचा हा वावरता मुलूख आहे, म्हणून पायवाटेवर मुलांना पुढे पळू देऊ नये आणि अंधार पडल्यावर तेथे रेंगाळू नये. वनविभागाच्या फाटकावर जे नियम सांगतील ते मुकाट्याने पाळावेत. आईंना वर नेण्याऐवजी उपवनच्या काठावर बसवले तर त्यांचीही सकाळ चांगली जाईल. तेथे बाकडी आहेत, चहा मिळतो आणि समोर डोंगर आहे.

घोडबंदर किल्ला मात्र संध्याकाळी करावा. गायमुखचा घाट ओलांडला की उल्हास नदीच्या मुखाशी, वसईच्या खाडीवर तो उभा आहे. अरबी घोड्यांचा व्यापार या बंदरात चाले, त्यावरून नाव पडले असे सांगतात. पोर्तुगीजांचा हा किल्लाही १७३७ च्या मोहिमेत चिमाजी अप्पांच्या सैन्याने घेतला. दोन वर्षांनी वसई पडली, तिची पूर्वतयारी अशी ठाणे आणि घोडबंदरच्या खाड्या ताब्यात घेऊन झाली होती. तटावर उभे राहिले की हे नकाशाशिवाय कळते, कारण खालून जाणारी प्रत्येक नाव दिसते. किल्ला लहान आहे, चढण बेताची आहे, पायऱ्या मात्र ओबडधोबड आहेत. आईंनी खालच्या भागातच थांबावे. गायमुखला खाडीकाठी चौपाटी केली आहे, परतीच्या वाटेवर अर्धा तास तेथे बसता येते. जाताना घाटातली अवजड वाहनांची वेळ पाहावी. चुकलात तर सूर्यास्त गाडीतूनच पाहावा लागतो.

आपण ओवळेकर वाडीतील फुलपाखरू उद्यानाबद्दलही विचारले आहे. ते कासारवडवलीच्या अगदी शेजारी आहे आणि रविवारी सकाळी उघडे असते. फुलपाखरांचा खरा बहर पावसाळा सरता सरता, सप्टेंबर ते नोव्हेंबर असा असतो, त्यामुळे फेब्रुवारीत अपेक्षा थोड्या खाली ठेवाव्यात. ऊन चढल्याशिवाय फुलपाखरू उडत नाही, म्हणून येथे साडेनऊ-दहाला गेलेले चांगले. या सहलीत उशिरा उठण्याची मुभा देणारे हे एकच ठिकाण आहे.

शनिवारी सकाळ मोकळी राहिली तर माझी एक शिफारस, जी आपल्या यादीत नाही: अंबरनाथचे शिवमंदिर. ठाण्याहून कर्जत किंवा बदलापूरकडे जाणारी लोकल घेतली की पाऊण तासाच्या आत अंबरनाथ येते, पुढे रिक्षाने दहा मिनिटे. शिलाहारांच्या काळातील या मंदिरातील शिलालेख शके ९८२ चा, म्हणजे इसवी सन १०६० चा आहे. वालधुनी नदीच्या काठी, आजूबाजूला दाटलेल्या वस्तीत हे मंदिर अजून उभे आहे. गाभाऱ्यात जायला पायऱ्या उतराव्या लागतात, त्या आईंना जड जातील, पण बाहेरच्या भिंतींवरील शिल्पपट्टे पाहायला फक्त मान वर करावी लागते. सकाळी साडेआठच्या तिरप्या उन्हात त्या मूर्तींच्या कडा जशा उठून दिसतात, तशा दुपारी दिसत नाहीत.

सामानात टोप्या, पाण्याच्या बाटल्या, एक साधी दुर्बीण आणि खाडीवरच्या सकाळच्या वाऱ्यासाठी आईंना शाल असू द्यावी. नावेत बसताना भडक लाल-पिवळे कपडे टाळावेत. रविवारी परतीची गाडी असेल तर आदल्या रात्री रेल्वेचा मेगाब्लॉक कोणत्या मार्गावर आहे ते वर्तमानपत्रात पाहून घ्यावे, आणि कासारवडवलीहून ठाणे स्थानकासाठी गाडीच्या वेळेआधी किमान दीड तास निघावे.